गेमिंग कार्डापेक्षा रॅम आणि मॉनिटर बघा

डिझाइनच्या दुकानासाठी कॉम्प्युटर घेताना भारी गेमिंग कार्ड (गेमसाठीचं महाग ग्राफिक्स कार्ड) घ्या, असा सल्ला दिला जातो; तो मला पटत नाही. चादरींची डिझाइनं, लग्नपत्रिका, फ्लेक्स, म्हणजे काम कोरल आणि फोटोशॉप या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवरच ना? मग ते पैसे ३२ जीबी रॅम (चालू काम धरून ठेवणारी मेमरी) आणि एनव्हीएमई एसएसडीत, म्हणजे वेगवान डिस्कमध्ये घाला. मोठ्या फ्लेक्सची फाइल उघडली की रॅम भरते, मग मशीन डिस्कवर लिहीत बसतं. घोडं अडतं ते तिथं. एएम५ सॉकेटचा (एएमडीचा प्रोसेसर बसवायच्या खाचेचा प्रकार) मदरबोर्ड घेतलात तर पुढे नुसता प्रोसेसर बदलायची सोय राहते. मॉनिटर मात्र आयपीएसच (बाजूनं बघितलं तरी रंग न बदलणारा पॅनल), १०० टक्के एसआरजीबीचा, म्हणजे त्या प्रमाणित रंगपट्ट्यातले सगळे रंग दाखवणारा. तिथं काटकसर नकोच.

आणि आपला सोलापूरचा उन्हाळा! पारा ४२च्या पुढे जातो. दुकान यंत्रमागांजवळ असेल तर सुताची धूळ पंख्यावर थर धरते. जाळीचा फिल्टर असलेली कॅबिनेट घ्या, महिन्याला ब्लोअर मारा. वीज गेल्यावर मशीन एकदम बंद पडू नये म्हणून यूपीएस हवाच.