मदत हवी आहे: आंबा घाट, धुकं, फॉगलॅम्प (तातडीचं)

सागर_को: शनिवारी पहाटे कोल्हापूरहून रत्नागिरीला निघतोय, गणपतीसाठी. घाटात धुकं फार आहे म्हणतात. फॉगलॅम्प पिवळे घेऊ की पांढरे? लवकर सांगा.

मिलिंदराव: पिवळेच. ट्रकवाले उगाच लावत नाहीत.

अनुया: रंगाने फारसा फरक पडत नाही, धुक्याचे थेंब दोन्ही परत फेकतात. दिवा बंपरमध्ये खाली आणि झोत आडवा, रुंद हवा. अप्पर (लांबचा झोत) मारलात की समोर पांढरी भिंत. डिपरवरच (खालच्या झोतावर) चालवा.

घाटवाट: गाडी कुठली? आणि पहाटेच का? उजाडल्यावर निघा की.

कोकणी_माणूस: टायरमध्ये नायट्रोजन भरून घ्या.

सागर_को: टायर नवे आहेत हो. मागे बाबांची गाडी असणार, ते हा घाट पहिल्यांदाच चालवतायत. त्यांना नीट खाली उतरवायचंय.

घाटवाट: अहो, हे आधी सांगायचं ना!

मिलिंदराव: मग चारही इंडिकेटर चालू ठेवा, लांबून दिसाल.

अनुया: कृपया नको. चारही लुकलुकत असले की वळताय ते कळत नाही, गाडी उभी आहे की चालू तेही नाही. ते गाडी बंद पडल्यावर लावायचे.

मिलिंदराव: घाटात सगळेच लावतात.

अनुया: लावतात, आणि मागचा गोंधळतो.

पन्हाळकर: अणुस्कुरा घाटाने जा, गर्दी कमी.

घाटवाट: नवख्याला अणुस्कुरा नको, अरुंद आहे. सागर, बाबांना सांगा, तुमच्या लाल दिव्यावर नजर खिळवू नका. तो हरवू नये म्हणून माणूस नकळत जवळ येत जातो आणि तुम्ही ब्रेक मारलात की आदळतो. डाव्या कडेची पांढरी रेघ धरा, नसेल तिथे अगदी हळू. उतारावर दुसरा गिअर. घाटाच्या वर आंबा गावात थांबून एकत्र निघा, पुन्हा भेटायचं ते थेट खाली साखरपा गावात. मध्ये वळणावर थांबून वाट बघू नका. बाबांचा एसी चालतो का?

सागर_को: एसी बिघडलाय. का?

घाटवाट: पावसात काच आतून धुरकटते, आणि वाटतं धुकंच वाढलं. एसीने ती साफ राहते. शनिवारच्या आत दुरुस्त करा. नाहीच झाला तर ब्लोअर काचेवर, खिडकी दोन बोटं खाली आणि शेजारी बसणाऱ्याच्या हातात कोरडं फडकं.

सागर_को: आजच गॅरेजला टाकतो. आणि सातनंतर निघतो.