खिशातली छोटी टॉर्च, पाच-सहा मोडवाली: घ्यावी का नको? (जांबोटी भाग)

जांबोटी_लाईन

मंडळी नमस्कार, टॉर्चबद्दल विचारायचं होतं. बेळगावात उद्यमबागेत सेकंड शिफ्टला आहे, सुटलो की गाडीवरनं पिरनवाडी, किणये करत जांबोटीच्या अलीकडं गावाकडं जातो. पावसाळ्यात मध्येच झाड आडवं पडलेलं असतंय, गावात लाईट नसतीयच, आणि रात्रीची थ्री फेज आली की मोटर चालू करायला आप्पा नाहीतर मी शेतात जातो. आजवर मोबाईलच्या लाईटवर भागवलं पण फोन घेऊन चिखलात फिरायचं जिवावर येतंय.

एका मित्रानं त्याची चपटी टॉर्च वापरून बघ म्हणून दिलीया. शर्टाच्या खिशात बसते, क्लिप आहे, मागं मॅग्नेट आहे. पुढं पांढरा उजेड, बाजूला पट्टी लाईट, लाल, जांभळा यूव्ही (अतिनील), हिरवा लेझर आणि लुकलुक. डब्यावर १००० ल्युमेन (एकूण उजेडाचं माप), आयपीएक्स८ (पाण्यात बुडाली तरी चालते) असं सगळं लिहिलंय. किंमत साडेतीन हजारच्या आसपास.

मला जाणवलं ते सांगतो. पहिलं मिनिटभर उजेड जबरदस्त, मग गुपचूप कमी होतो आणि बॉडी चटका बसण्याएवढी तापते. बटण एकच, त्यामुळं लालवर जायला दाबून धरायचं का दोनदा दाबायचं हे अंधारात आठवतच नाही. बाजूची पट्टी मात्र लई आवडली, गाडीचा प्लग काढताना टाकीला चिकटवली की दोन्ही हात मोकळे. यूव्ही आणि लेझरचं काय करायचं कळलं नाही, घरातली पोरं लेझर मांजरापुढं नाचवालीत तेवढंच. एवढ्या मोडांचे पैसे देण्यात अर्थ आहे का? आप्पांनाही वापरता आली पाहिजे, त्यांचं वय साठीच्या पुढं.

---

टर्नर_फिटर

भावा, मोड किती हे बघूच नको, बंद टॉर्चचं बटण एकदा दाबलं की काय लागतंय ते बघ. माझ्या मते छोट्या टॉर्चची निम्मी परीक्षा तिथंच होते. एका दाबात मध्यम पांढरा उजेड लागला पाहिजे, कायम तोच, मग काल रात्री कुणी लालवर ठेवून बंद केली असली तरी. काही टॉर्चमध्ये शेवटचा मोड लक्षात राहतो, ते एकट्याला बरं, पण घरात चारजण वापरत असतील तर दरवेळी वेगळंच काहीतरी लागतंय. आणि लुकलुक म्हणजे स्ट्रोब जर लो-मीडियम-हायच्या रांगेतच घुसवलेला असला तर ती टॉर्च सरळ परत कर, उजेड वाढवायला जावं आणि डोळ्यावर फटाफट चालू व्हावं हे पाय घसरायच्या जागी फार वाईट. स्ट्रोब तीनदा-चारदा दाबल्यावर लागत असेल तर असू दे की, आपलं काय जात नाही.

तापण्याचं म्हणशील तर त्यात बिघाड नाही. एलईडीला साधारण वॅटला १०० ल्युमेन धर, म्हणजे १००० ल्युमेनला दहा वॅट लागले, त्यातला निम्म्याहून जास्त भाग उष्णताच होतो. एवढीशी अ‍ॅल्युमिनियमची बॉडी ती टाकणार कुठं? म्हणून आतलं सर्किट स्वतःच उजेड खाली आणतंय, बहुतेक तीनशे-चारशेवर. खरेदी करताना तोच आकडा हुडकायचा, उजेड खाली आल्यावर किती उरतो आणि तो किती वेळ टिकतो. एएनएसआय एफएल १ म्हणून मोजमापाचं स्टँडर्ड आहे, त्यात ल्युमेन चालू केल्यावर ३० सेकंद ते २ मिनिटं या वेळात मोजतात आणि रनटाईम, म्हणजे किती वेळ चालते ते, उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत धरतात. म्हणजे डब्यावर १००० ल्युमेन, दोन तास असं छापलं तर त्यातला बराचसा वेळ ती फार कमी उजेडावर चाललेली असू शकते, आणि कंपनी तरी खोटं बोलली नाही.

लांबवरचं बघायचं असेल तर ल्युमेन सोडून कँडेला, म्हणजे झोत किती तीव्र आहे, ते बघ. कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की मीटर येतात. ४००० कँडेला म्हणजे १२६ मीटर. पण तिथं पोचणारा उजेड पाव लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, त्यामुळं कामाचं अंतर त्याच्या निम्म्याहूनही कमीच धर.

---

निपाणीकडचा_ऊसवाला

वरच्या भाऊंनी आकड्यांचं सांगितलं, मी शेतातलं सांगतो. लाल लाईटचं हल्ली फार कौतुक ऐकालोय. डोळ्याला अंधाराची सवय झालेली असते ती मोडत नाही आणि पावसाळ्यात किडे कमी झेपावतात एवढं खरं, घरात कुणी झोपलंय आणि तुम्हाला उठून पाणी प्यायचंय तर चांगलंच. पण बांधावरनं चालताना लाल लाईट लावू नका. लाल उजेडात सगळं एकाच रंगाचं दिसतंय, पाचटात घोणस पडली असली तर तिचे ठिपके आणि पाचट यात काहीच फरक कळत नाही. फुरसं तर अजून लहान.

त्याच कारणासाठी पांढऱ्या उजेडातही फरक बघा. ६५०० केल्व्हिनचा (उजेडाच्या छटेचं माप) निळसर पांढरा असतो तो बघायला लख्ख पण माती, पालापाचोळा, सगळं फिकट एकसारखं करून टाकतो. ४००० ते ५००० च्या मधला आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९० च्या वर असलेला घेतला तर तपकिरीतले चार तपकिरी वेगळे दिसतात. ल्युमेन थोडे कमी मिळतात, मिळू देत. आणि हातात कसलीही बॅटरी असली तरी पायात गमबूट पाहिजेतच, आप्पांना चपलेवर जाऊ देऊ नका.

यूव्हीचा उपयोग मात्र आहे. विंचू त्याच्याखाली हिरवट चमकतो, नुकतीच कात टाकलेला सोडला तर. सरपणाचा ढीग, दगडी बांध, मोटरीच्या खोलीतला कोपरा, हात घालायच्या आधी एकदा फिरवायचा. आमच्याकडं लाल विंचू आहे त्यामुळं मला हा मोड खेळ वाटत नाही.

स्टार्टरच्या पेटीपुढं हाय लावू नका, पत्र्यावरनं उजेड उलटा डोळ्यात येतो आणि मग दहा सेकंद काहीच दिसत नाही, ओल्या हातानं पेटीत बोट घालायच्या वेळी हे परवडणारं नाही. तिथं २०-३० ल्युमेन पुरतात.

---

खडेबाजार_साडीवाली

यूव्हीचा विषय निघालाय म्हणून लिहिते, दुकानात नोटा बघायला माझ्याकडं तसली टॉर्च आहे. भाऊ, यूव्ही यूव्हीत फरक असतो. ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीवाली स्वस्त असते पण तिचा जांभळा उजेडच इतका दिसतो की नोटेवरची चमक त्यात बुडून जाते. ३६५ ची आणि वर काळसर फिल्टर असलेली असली तर नंबर नीट चमकतो आणि कागदातले धागे सुटे सुटे दिसतात. खऱ्या नोटेचा कागद स्वतः मंदच राहतो, साधा छपाईचा कागद मात्र निळा पेटतो. तरी एकट्या यूव्हीवर नोट खोटी ठरवू नका, पँटच्या खिशात राहून साबणाच्या पावडरीत धुतली गेलेली खरी नोटपण चमकते, त्यावरनं आमच्या दुकानात गिऱ्हाइकाशी चांगलीच जुंपलेली आहे. हातानं खरखर, वॉटरमार्क, चंदेरी दोरा हे आधी.

आणि ऊसवाल्या दादांच्या सीआरआयला माझा दुजोरा. लाईट गेली की गिऱ्हाईक थांबत नाही, टॉर्च धरूनच काठ दाखवावा लागतो, निळसर टॉर्चखाली मोरपंखी आणि रामा कलर एकच दिसतात आणि दुसऱ्या दिवशी साडी बदलायला परत.

---

वडगाव_जुना_गडी

साडेतीन हजार टॉर्चला?? बाजारात तीनशेला मिळते की, बिघडली की दुसरी. उगीच पोरांना नाद लावालाय.

---

टर्नर_फिटर

काका, तीनशेची मीपण वापरलीय. उजेड तेवढा पडतो, मान्य. पण पावसात बटणातनं पाणी आत जातं आणि बसवलेला सेल मेला की ती टॉर्च कचऱ्यात. साडेतीन हजार द्याच असं म्हणत नाही मी, दीड-दोन हजारात चांगली गोल टॉर्च येते आणि तिचा सेल बदलता येतो.

---

जांबोटी_लाईन

सगळ्यांचे आभार. म्हणजे लेझरचे पैसे फुकट गेले असं समजायचं का? आणि सेलचं सांगा कुणीतरी. मित्राच्या टॉर्चमध्ये सेल आतच बंद आहे, चार्जिंगची वायर पण वेगळीच, मॅग्नेटनं चिकटणारी, ती हरवली तर काय? फोनच्या टाईप-सी वर होणारी पाहिजे होती.

---

अनगोळ_सर्किट

लेझर सोडून दे. तुला शेतात बोट दाखवायला लेझर लागणार नाही, आणि पोरांच्या हातात तर देऊच नको, हिरवा लेझर डोळ्यात गेला की नजरेला इजा होऊ शकते, मांजराला पण डोळे आहेत.

आता सेलचं, इथं मात्र मी जरा लांबण लावणार आहे. चपट्या टॉर्च खिशाला छान असतात, ओलाइट कंपनीची आर्कफेल्ड वगैरे त्याच घरातली, पण त्यात सेल बंदिस्त असतो आणि चार्जिंग त्यांच्याच मॅग्नेट वायरनं. शहरात ऑफिसला जाणाऱ्याला चालतंय. जिथं लाईट दोन-दोन दिवस येत नाही तिथं मला तरी सेल बदलता येणारीच पाहिजे. एक भरलेला सेल डबीत ठेवला की झालं.

साईज दोन बघ. १४५०० म्हणजे साध्या पेन्सिल सेलच्या मापाचा लिथियम सेल, १४ मिलिमीटर जाड, ५० लांब, साधारण ८००-९०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप). १८६५० म्हणजे १८ जाड ६५ लांब, ३००० ते ३५०० एमएएच. दोन्ही ३.७ व्होल्टचे, म्हणजे छोट्यात तीन वॅट-अवर आणि मोठ्यात अकरा ते तेरा. वर फिटर भाऊंनी वॅटला १०० ल्युमेन सांगितलेत त्यावरनं तूच भागाकार कर, मोठ्या सेलवर ३०० ल्युमेन साडेतीन-चार तास मिळतात, छोट्यावर तेवढाच उजेड तासभर. खिसा का वेळ, तुझं तू ठरव. मात्र ९९०० एमएएच छापलेला १८६५० कुणी गळ्यात मारायला बघत असेल तर हात जोडून पुढं जा, त्या मापात तेवढं मावतच नाही.

सोफर्न कंपनीची एसपी१० प्रो टॉर्च आहे, ती १४५०० वर पण चालते आणि साध्या एए पेन्सिल सेलवर पण, उजेड कमी पडतो पण गावातल्या किराणा दुकानात मिळणाऱ्या सेलवर रात्र निघते हे महत्त्वाचं. उलटं करू नको हं, फक्त एए साठी असलेल्या टॉर्चमध्ये १४५०० घालू नको, दीड व्होल्टच्या जागी भरलेला सेल ४.२ देतो आणि सर्किट जातंय. तुला १८६५० पाहिजे असेल तर वर्कोस कंपनीची एफसी११ बघ, टाईप-सी बॉडीलाच आहे, मागं मॅग्नेट, एलईडी ९० सीआरआयचा मिळतो. या दोन्हीत लाल, यूव्ही काही नाही. मला विचारशील तर विंचवासाठी यूव्हीची वेगळी छोटी घेऊन मोटरीच्या खोलीत अडकवून ठेव, एकातच सगळं कोंबायला गेलं की वर तू लिहिलंस तसं बटणाचं कोडं होतं.

एसपी१० प्रो मध्ये अँडुरिल नावाचा प्रोग्रॅम असतो, त्याचा तक्ता बघून आप्पा घाबरतील, पण तो सिंपल मोडला ठेवला की एकदा दाबलं चालू, एकदा दाबलं बंद, दाबून धरलं की उजेड वाढत जातो, आणि स्ट्रोब सिंपलमध्ये लागतच नाही. बंद असताना चारदा दाबलं की लॉक. लॉक शिकून घेच, खिशात आपोआप चालू होऊन पँटला भोक पडेल एवढ्या या टॉर्च तापतात, लॉक नसेल तर मागचं झाकण पाव आटा सैल करायचं, बहुतेक टॉर्च तेवढ्यावर बंद राहतात.

---

कणकुंबी_धुकं

थोडं आमच्या बाजूचं. चोर्ला घाटाकडं धुकं असतं तेव्हा हजार ल्युमेन लावलेत तर समोर पांढरी भिंत उभी राहते. उजेड कमी करायचा आणि टॉर्च डोळ्याजवळ न धरता कमरेच्या खाली धरायची, धुक्यावरनं परत येणारा उजेड मग थेट डोळ्यात येत नाही. डोक्याला बांधायच्या टॉर्चचा याच कारणानं धुक्यात त्रास होतो, बाकी मोटरीच्या कामाला ती बरी.

गवा नाहीतर अस्वल समोर आलं तर स्ट्रोब मारा असं व्हिडिओत सांगतात, कृपा करून तसलं काही करू नका. बिथरलेला गवा कुठल्या बाजूला वळेल सांगता येत नाही. थांबायचं, उजेड त्याच्या पायाखाली जमिनीवर ठेवायचा आणि वाट मोकळी करून द्यायची.

---

जांबोटी_लाईन

पटलं. मित्राची परत करतो. आप्पांना १८६५० वाली, मोटरीच्या खोलीत यूव्ही, आणि मला खिशाला ती पेन्सिल सेलवाली असं बघालोय, सगळं मिळून चपटीच्या आसपासच जाईल असं वाटतंय. ऑनलाईन मागवली तर परत करायच्या मुदतीत काय काय तपासू?

---

अनगोळ_सर्किट

फोनच्या चार्जरची दोन्हीकडनं टाईप-सी असलेली वायर लावून बघ, कितीतरी टॉर्च तसल्या वायरीवर चार्जच होत नाहीत कारण आत दोन रेझिस्टर घालायचे कंपनी वाचवते. एका बाजूला जुनं चौकोनी तोंड असलेली वायर लावली की होतात. मग टॉर्च खराब नाही, पण घरात तशी वायर ठेवावी लागेल हे माहीत पाहिजे.

लो मोड लावून फोनच्या कॅमेऱ्यातनं बघ, जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर उजेड भराभर चालूबंद करून कमी केलाय, फिरत्या पंख्याकडं किंवा पावसाच्या थेंबाकडं बघताना ते डोळ्याला खुपतं. चार्जिंगचं रबरी झाकण घट्ट बसतंय का बघून अर्धा तास बादलीत बुडवून ठेव, पण ते सगळ्यात शेवटी, आणि त्याआधी परतीच्या अटी वाच. पाण्यात घातलेली वस्तू परत घेत नाही म्हणणारेपण दुकानदार आहेत.