केनियाची निवडणूक : परदेशी चॅनलवाले दाखवतात ते कितपत खरं?

सुपारी_कातर :
भावाला नैरोबीची ऑफर आलीये, दोन वर्षांचं काँट्रॅक्ट, आणि नेमकी ऑगस्ट २०२७ ला तिथे निवडणूक. आईने यूट्यूबवर कुठलातरी जुना व्हिडिओ बघितला, टायर पेटलेत, पोलीस अश्रुधूर सोडतायत, तेव्हापासून घरात एकच धोशा, जाऊ नकोस. इंग्लिश चॅनल लावलं तर तिथेही तेच. खरंच एवढं असतं का? तिथे राहिलेलं कोणी असेल तर सांगा प्लीज.

नैरोबीकर :
२०२२ ला मी तिथेच होतो, पार्कलँड्सला. ९ ऑगस्टला मतदान, निकाल १५ ला, मधले दिवस शहर चिडीचूप. आम्ही पीठ, तांदूळ, गॅस आधीच भरून ठेवलेला, तिथले लोकही भरतात, खोटं कशाला बोलू. सासूबाईंचा पुण्याहून रोज फोन, टीव्हीवर काय काय दाखवतायत, आणि इकडे आमचा वॉचमन खुर्चीत बसून मोबाईलवर फॉर्म ३४ए उघडून बघतोय. म्हणजे एकेका मतदान केंद्राच्या निकालाचा सही केलेला कागद, असे ४६ हजारांवर कागद आयोगाने साइटवर टाकलेले, कोणीही उघडा न बेरीज करा. हा बाबा स्वतःच्या गावच्या शाळेचा फॉर्म शोधून कॅल्क्युलेटरवर आकडे जुळवत होता. माझ्या मते त्या निवडणुकीतली खरी बातमी ही होती, पण नुसते कागद, पेटलेले नाहीत, मग कोण दाखवणार.

जुनी_छत्री :
२०१३ आठवतंय का कोणाला? मतदानाच्या तोंडावर सीएनएनने रिफ्ट व्हॅलीतली मूठभर माणसं गावठी बंदुका घेऊन सराव करताना दाखवली, केनियाचे लोक ट्विटरवर असे तुटून पडले की 'समवन टेल सीएनएन' हा हॅशटॅगच गाजला. मतदानाला मात्र उन्हात लांबच लांब रांगा.

आडवा_तिडवा :
थांबा जरा, परदेशी पत्रकारांना शिव्या घालणं सोपं आहे. २००७ च्या निकालानंतर ११०० च्या वर माणसं मेली, सहा लाखांच्या आसपास बेघर झाली, ती काय सीएनएनने मारली? आणि २०१३ ला तिथल्याच मीडियाने शांतता शांतता म्हणत गडबडींवर गुळमुळीत लिहिलं अशी टीका झाली. माझा राग वेगळाच आहे. २०१७ ला रक्तपात फार नाही म्हटल्यावर बाहेरच्यांनी घाईघाईने निवडणूक चांगली झाली म्हणून टाकलं, निवडणुकांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या कार्टर सेंटरबरोबर आलेले तिथले माजी परराष्ट्रमंत्री जॉन केरीसुद्धा, आणि १ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने निकालच रद्द केला! सत्तेतल्या राष्ट्राध्यक्षाचा विजय कोर्टाने रद्द करायची आफ्रिकेतली पहिलीच वेळ. घोळ निकालाचे आकडे वर पाठवण्यात होता, आयोगाने सर्व्हर नीट उघडून दाखवला नाही. तिथे कोणी कॅमेरा लावलाच नव्हता.

नैरोबीकर :
@आडवा_तिडवा मान्य. किसुमूत आणि नैरोबीच्या काही वस्त्यांत २०१७ ला पोलिसांच्या हातून माणसं गेलीच, ते झाकायचं नाहीये. सुपारी भाऊ, भावाला पाठवा, फक्त निवडणुकीच्या आठवड्यात रजा टाकून घरी बसायला सांगा. आणि बातम्या तिथल्या वाचा, डेली नेशन, स्टँडर्ड.

सुपारी_कातर :
थँक्स सगळ्यांना. आईला वॉचमनचं वाचून दाखवलं, ती विचारतेय त्याच्या गावात कोण जिंकलं?

नैरोबीकर :
रायला ओडिंगा. आकडे अगदी जुळले त्याचे, पण देशात रुटो ५०.४९ टक्क्यांनी निवडून आले, त्यामुळे दोन दिवस गेट उघडताना आमच्याशी बोलला नाही.