घरगुती जोडव्यवसायाच्या नावाची नोंदणी नेमकी कुठे करावी?

प्रश्न (नाशिक)

नमस्कार. मी एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी भाजणी, मेतकूट, गोडा मसाला व लिंबाचे लोणचे घरी करून ओळखीच्या लोकांना विकते. मागणी वाढल्यामुळे आता पाकिटांवर नाव छापून घ्यावे, असे घरच्यांचे मत आहे. योजलेल्या नावात ‘अस्सल’ आणि ‘नाशिक’ हे दोन्ही शब्द आहेत. ‘उद्यम’मध्ये (लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीत) नोंद केली की नाव कायमचे आपले होते, असे सांगून एका एजंटाने त्यासाठी पैसे मागितले आहेत, बँकेत मात्र त्या नावाने चालू खाते उघडायचे तर ‘गुमास्ता आणा’ असे सांगतात. एकट्या व्यक्तीच्या व्यवसायाचे नाव नोंदवण्याचे अधिकृत ठिकाण कोणते?

उत्तर: एक करसल्लागार

असे एकच ठिकाण नाही, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. कंपनीचे नाव कंपनी निबंधकाकडे आणि भागीदारी संस्थेचे नाव 1932 च्या कायद्याखाली फर्म निबंधकाकडे नोंदले जाते. एकल मालकीचा व्यवसाय मात्र कायद्याच्या दृष्टीने मालकाहून वेगळा नसतो, म्हणून पॅनही आपलेच चालते.

लोक ज्याला अजून गुमास्ता किंवा शॉप अ‍ॅक्ट म्हणतात, तो महाराष्ट्रात आता 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली येतो. आपल्यासारख्या लहान आस्थापनेने ऑनलाइन सूचना दाखल करायची असते आणि तिची पावती मिळते. ‘उद्यम’ नोंदणी 1 जुलै 2020 पासून आधार व पॅनच्या आधारे होते; सरकारी संकेतस्थळावर ती पूर्णपणे निःशुल्क आहे, त्यामुळे एजंटाला जे द्याल ते केवळ त्याच्या टंकलेखनाचे. एकल मालकीच्या खात्यासाठी बँका रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार व्यवसायाचे सामान्यतः दोन पुरावे मागतात, त्यासाठी हे दोन्ही कागद उपयोगी पडतात. मात्र तेच नाव दुसऱ्या कोणी घेतले आहे का, हे यांपैकी कोणीही तपासत नाही. उद्या जळगावच्या एखाद्या गृहिणीलाही त्याच नावाने उद्यम प्रमाणपत्र मिळू शकेल.

खाद्यपदार्थ विकता, तेव्हा एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी घरच्या स्वयंपाकघरालाही लागते. तिचा चौदा अंकी क्रमांक, उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन आणि किंमत पाकिटावर यावी लागते, म्हणून हा क्रमांक हाती येईपर्यंत छपाईची घाई करू नये.

उत्तर: ट्रेडमार्कचे काम करणारा वकील

नावावर हक्क हवा असेल तर मार्ग ट्रेडमार्क कायदा, 1999 चा. आपल्या नावाची खरी अडचण त्यातील शब्दांची आहे: ‘अस्सल’ गुणवत्ता सांगतो, ‘नाशिक’ ठिकाण सांगतो, आणि असे वर्णनात्मक शब्द कोणा एकाच्या मालकीचे होऊ नयेत म्हणून कलम 9 खाली हरकत येण्याची दाट शक्यता आहे. पदार्थाशी अर्थाने न जुळणारा किंवा स्वतः घडवलेला शब्द फार बरा. थोर पुरुषांची नावे घेण्याची आपल्याकडे हौस आहे, पण ‘शिवाजी’ हा शब्दच 1950 च्या बोधचिन्हे व नावे कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे परवानगीशिवाय व्यापारात न वापरता येणाऱ्या नावांच्या यादीत आहे, हेही ध्यानात ठेवावे.

ट्रेडमार्कचा अर्ज मालाच्या ठरलेल्या वर्गांनुसार होतो: भाजणी, मेतकूट आणि मसाला वर्ग 30 मध्ये येतात, तर लोणचे वर्ग 29 मध्ये. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गाला 4,500 रुपये आहे. आधीच्या नावांचा शोध ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य घेता येतो. तो देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत, उच्चारसाम्य पाहून घ्यावा. नोंदणी दहा वर्षांची असते व पुढे नूतनीकरण होते. वर्तुळातील ‘आर’ हे चिन्ह नोंदणी होण्यापूर्वी छापणे हा गुन्हा आहे.

प्रश्नकर्ती

आपणा दोघांचे आभार. सासूबाईंना माहेरी ज्या लाडक्या नावाने हाक मारत, ते आता घेण्याचा विचार आहे. ट्रेडमार्कचा खर्च दिवाळीनंतर करता येईल. तोवर ते नाव वापरून विक्री केली तर चालेल का?

उत्तर: गृहउद्योग चालवणारी एक सभासद

ताई, शोध घेऊन नाव मोकळे आढळले तर जरूर वापरा. आधीपासूनचा वापर कायदाही मानतो. ट्रेडमार्कच्या अर्जात वापर सुरू केल्याची तारीख दाखवायची तर प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात. म्हणून लेबल छापणाऱ्याकडून तारखेचे पक्के बिल घ्या, त्यावर लेबलचे नाव लिहून घ्या आणि ग्राहकांना देण्याच्या पावत्याही त्याच नावाने फाडा.

त्याआधी स्वतःचे नियुक्तिपत्र एकदा वाचा, कारण अनेक खासगी कंपन्या जोडव्यवसायासाठी लेखी परवानगी मागतात. जीएसटीची नोंदणी राज्यातल्या राज्यात माल विकताना 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, पण करपात्र माल राज्याबाहेर विकायचा झाला तर पहिल्याच ऑर्डरपासून लागते; बंगळूरच्या नातेवाइकांच्या शेजारणींनी पैसे पाठवले तरी ती विक्रीच.

दिवाळीनंतर एकाच वर्गाची ऐपत असेल, तर आधी 30 घ्या. लोणच्याचा अर्ज पुढे स्वतंत्रपणे करता येतो.