कंजंक्शन्स लक्षात कसे ठेवायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, एमपीएससीच्या कम्बाइनची (संयुक्त परीक्षेची) तयारी चालू आहे, शिक्षण सगळं मराठी मिडीयममधून. मराठीतलं उभयान्वयी अव्यय झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक सगळं, पण इंग्रजीचा पेपर आला की गाडी अडतेच. फॅनबॉईजवाले सात पाठ आहेत (फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो), त्यांचं टेन्शन नाही.

घोळ पुढच्यांचा आहे. आपल्याकडे 'जरी' आलं की मागोमाग 'तरी' येतंच, त्यामुळे ऑलदोने सुरू झालेल्या वाक्यात पुढे बट दिसलं तरी मला ते वाक्य बरोबरच वाटतं आणि एरर शोधायच्या प्रश्नात नेमकं तेच टाकलेलं असतं. अनलेसचं पण तसंच. आणि नो सूनरला दॅन, हार्डलीला व्हेन, हे परीक्षेत हमखास उलटसुलट होतं. क्लासवाले म्हणतात लिस्ट पाठ करा, पण लिस्ट चार दिवसांत उडून जाते हो. कुणाकडे काही लॉजिक आहे का?

प्रतिसाद १:
लिस्ट सोडा. सूनर हा शब्द बेटर, टॉलर यांच्यासारखाच कंपॅरेटिव्ह आहे ना, मग त्याला दॅन लागणारच. हार्डली आणि स्केअर्सली कंपॅरेटिव्ह नाहीत, म्हणून तिथे व्हेन. आणि हे तिन्ही वाक्याच्या सुरुवातीला आले की प्रश्न विचारल्यासारखी रचना होते, 'नो सूनर डिड द बेल रिंग दॅन...', डिडनंतर रँग नाही, रिंग. ऑप्शनमध्ये रँग देऊनच फसवतात.

अनलेसच्या पोटात 'नाही' आधीच आहे, तिथे इफ नॉट ठेवून वाक्य वाचून बघा, परत डोन्ट आलं असेल तर लगेच खटकेल. लेस्टच्या पोटातही तोच नकार, 'रन फास्ट, लेस्ट यू शुड मिस द ट्रेन', म्हणजे गाडी चुकू नये म्हणून पळ. तिथे पण नॉट नको, आणि परीक्षेला शुडच धरून चाला.

प्रतिसाद २:
ऑलदोचं वाक्य संपलं की कॉमा द्या, फार तर पुढे येट, बट मात्र नाही. बिकॉजने सुरू केलेल्या वाक्यात पुढे सो पण नको, आपल्या 'कारण'-'म्हणून'मुळे तो हमखास घुसतो. रोज पेपरातली दहा वाक्यं घेऊन जोडणाऱ्या शब्दाला गोल करा, माझं तरी त्यानेच जमलं.

धागाकर्ता:
सूनरचं हे कुणी सांगितलंच नव्हतं राव, खूप आभार! अजून एक, नायदर-नॉरमध्ये क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे, 'नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स वेअर प्रेझेंट', हे कळलं. मग ॲज वेल ॲजला पण जवळचाच कर्ता धरायचा का?

प्रतिसाद १:
नाही, तिथे पहिला. 'द टीचर ॲज वेल ॲज द स्टुडंट्स वॉज प्रेझेंट'. कानाला विचित्र वाटेल, पण मार्क त्यालाच.