दहावीच्या पुस्तकात ३८, माझ्या कॉलेजात ३२, शिकवणीत सांगायचं काय?

पेट्रीडिश:
मी पुण्यात बायोटेकच्या थर्ड इयरला आहे, संध्याकाळी सोसायटीतल्या दोन मुलींना सायन्स मॅथ्स शिकवते, दोघी दहावी, स्टेट बोर्ड सेमी. झालं असं की श्वसनाचा धडा घेताना मी शहाणपणा करून सांगितलं, एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) हा जुना हिशोब, आता ३० ते ३२ धरतात. एकीने घटक चाचणीत बिनधास्त ३२ ठोकलं. गाळलेली जागा, एक मार्क, त्यावर लाल गोल आणि शेजारी "पुस्तक वाच". परवा तिची आई पेपर घेऊनच दारात, ताई तुम्ही हुशार आहात पण मार्क आमचे जातात. मला काही बोलताच आलं नाही. आता दोघी काहीही सांगितलं की विचारतात, हे पुस्तकातलं की तुमचं? मॅथ्सला हा ताप नाही, तिथे कंस सोडताना मायनस हरवतो तो सगळ्यांचाच हरवतो. तर जुनं झालंय माहीत असूनही तेच शिकवायचं का?

खडूची_धूळ:
अगं, परीक्षेत ३८च. पेपर तपासणाऱ्यासमोर गठ्ठा असतो आणि शेजारी उत्तरसूची, तो तुझं कॉलेज बघायला जाणार नाही. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, पुस्तकाबाहेरचं सांगायचं तर पेन खाली ठेवायला लावायचो, म्हणजे पोरांना कळायचं हे लिहायचं नाहीये.

एंझाइमवाला:
३८ काय आकाशातून पडले नाहीत. एनएडीएच आणि एफएडीएच२ म्हणजे ग्लुकोजमधले इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू, एकामागे अनुक्रमे ३ आणि २ एटीपी धरायचे. १० एनएडीएच गुणिले ३, २ एफएडीएच२ गुणिले २, वर थेट मिळालेले ४, झाले ३८. आता ३ च्या जागी अडीच आणि २ च्या जागी दीड धरतात, २५ अधिक ३ अधिक ४, ३२. आणि ग्लायकोलिसिसमधले, म्हणजे ग्लुकोज तुटण्याच्या पहिल्या टप्प्यातले, दोन एनएडीएच मायटोकॉन्ड्रियात थेट शिरत नाहीत, त्यांचे इलेक्ट्रॉन ग्लिसरॉल फॉस्फेट शटल नावाच्या वाहतुकीच्या वाटेने गेले तर दोन एटीपी कमी, म्हणजे ३०. दहावीच्या पोरीला शटल नको सांगूस, पण या बेरजा वहीच्या मागच्या पानावर करून घे, मॅथ्सची प्रॅक्टिस फुकटात.

चिंटूची_आई:
मी त्या बाईंच्या जागी असते तर मीही आलेच असते, खोटं कशाला बोलू. सायन्सचे दोन पेपर ४०-४० चे, एकेक मार्क मोजतो आम्ही. पण चाचणीतला गेला ना, बोर्डाचा नाही, बरंच झालं आत्ता गेला ते. त्यांच्याकडे जाऊन एकदा सरळ सांग की चूक माझी, पोरीची नाही. आमच्या चिंटूच्या क्लासला सर नुसत्या नोट्स देतात, विचारलं तर म्हणतात परीक्षेला येत नाही. तू निदान सांगतेस तरी.

पेट्रीडिश:
जाऊन आले, चहा मिळाला. मागच्या पानावर बेरजा पण झाल्या, तर ती म्हणते ताई अडीच एटीपी म्हणजे अर्धा रेणू कुठून आणला? मग प्रोटॉन सांगावे लागले, एका एनएडीएचमागे साधारण १० मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्याबाहेर ढकलले जातात आणि एक एटीपी बनायला ४ परत आत यावे लागतात, तर दोन एनएडीएचला पाच. गुणोत्तर म्हटल्यावर लगेच पटलं. पेन खाली ठेवायला लावलं होतं, काका. उद्या लेन्स आहे, म्हणजे साइन कन्व्हेन्शन (अंतरांना प्लस-मायनस द्यायचे नियम), म्हणजे परत तो मायनस.