जुन्या एथर्न इंजिनात आवाजासह डीसीसी बसवणे

प्रश्न : माझ्याकडे एथर्न कंपनीचे निळ्या खोक्यात मिळणारे मॉडेल रेल्वेचे जुने एचओ (१:८७ प्रमाणाचे) डिझेल इंजिन आहे. त्यात आवाज देणारा डीसीसी (रुळांतून डिजिटल आज्ञा पाठवून इंजिन चालवण्याची पद्धत) डिकोडर, म्हणजे त्या आज्ञा वाचून मोटर चालवणारे सर्किट, बसवायचा आहे; परंतु आत तो जोडण्यासाठी सॉकेट नाही आणि मोटर धातूच्या सांगाड्याला टेकलेली दिसते. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १ : अडचणीची नेमकी जागा आपण ओळखली आहे. या इंजिनात सांगाडा हाच एका रुळाचा विद्युतमार्ग असून मोटरच्या खालच्या ब्रशची (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणाऱ्या तुकड्याची) क्लिप त्याला टेकते. तो संपर्क तोडल्याशिवाय डिकोडर जोडला, तर तो वीज देताच जळू शकतो. खालच्या क्लिपची टोके सपाट करून तिला डिकोडरची करडी तार जोडावी, वरच्या क्लिपला नारिंगी, आणि मोटरखाली कॅप्टॉन टेप (वीज न वाहू देणारी चिकटपट्टी) लावावी. लाल तार उजव्या रुळाची, काळी डाव्या. मोटर व सांगाडा यांच्यात संपर्क उरलेला नाही, हे मल्टिमीटरने तपासल्याखेरीज पुढे जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. दिव्याची जोडणीही सांगाड्यापासून वेगळी करावी.

उत्तर २ : डिकोडर विकत घेण्यापूर्वी १२ व्होल्टवर फ्लायव्हील (मोटरच्या दांड्यावरचे जड चाक) क्षणभर धरून स्टॉल करंट, म्हणजे अडवलेली मोटर ओढते तो प्रवाह, मोजावा. जुन्या मोटरी १ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढू शकतात. डिकोडरची क्षमता त्याहून जास्त हवी.

उत्तर ३ : स्पीकर हवाबंद डबीत बसवावा, कारण मागची ध्वनिलहर पुढच्या लहरीत मिसळली की खालचे स्वर नाहीसे होतात आणि डिझेलची घरघर तर त्याच स्वरांत असते. पहिली चाचणी प्रोग्रॅमिंग रुळावरच (डिकोडरची सेटिंग करण्यासाठीच्या वेगळ्या रुळावर) घ्यावी. तिथे प्रवाह मर्यादित असल्यामुळे चुकीच्या जोडणीतही डिकोडर सहसा वाचतो.